आमचं डोमेन आमच्या नावावर करून द्या : नाशिकच्या वेबसाइटवाल्यांना खुलं पत्र

नाशिकमधल्या समस्त वेबसाइटवाल्यांना, म्हणजे कॉलेज रोडला काचेचं ऑफिस थाटलेल्या एजन्सीवाल्यांपासून ते सिडकोत घरच्या घरी लॅपटॉपवर साइट करून देणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी वेबसाइट बनवत नाही, मी हिशोब लिहिते. अंबड-सातपूरमधली काही छोटी युनिट्स, मेन रोडवरची दोन-तीन दुकानं, निफाड-पिंपळगावकडचे द्राक्ष एक्स्पोर्टवाले, यांची अकाउंट्स माझ्याकडे असतात, त्यामुळे तुमची बिलं माझ्याच टेबलावरून पुढे जातात आणि दर मार्चला ती बघून माझं डोकं फिरतं. बिलावर एकच ओळ, "वेबसाइट मेन्टेनन्स ॲन्युअल", पुढे आकडा, खाली १८ टक्के जीएसटी, तोही असला तर. त्यात डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे, किती, होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, किती, तुमच्या कामाचे किती, काही कळायला मार्ग नाही, आणि डोमेन आहे कोणाच्या नावावर हे तर कुठेच लिहिलेलं नसतं. फोन करून विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम टेन्शन घेऊ नका, सगळं आपल्या पॅनलला आहे." अहो पॅनल म्हणजे तुमचंच लॉगिन, तेच तर टेन्शन आहे ना!

अंबडच्या एका युनिटचं सांगते, नाव राहू द्या. प्रेस पार्ट्स करतात. पर्चेस ऑर्डर, ड्रॉइंग, रिजेक्शनच्या तक्रारी सगळं मेलवर येतं. एका सोमवारी सकाळी मेलच येईना. शेठना वाटलं नेट गेलंय, नेटवाल्याला शिव्या घालून झाल्या, मग कॉम्प्युटर रिपेअरवाला आला, त्याने आउटलुक काढून परत टाकलं, दुपारी कस्टमरच्या पर्चेसमधून फोन की तुम्हाला पाठवलेलं सगळं बाउन्स होतंय, कंपनी चालू आहे ना? तेव्हा कुठे कोणीतरी ब्राउजरमध्ये स्वतःची वेबसाइट उघडून बघितली तर तिथे भलत्याच जाहिराती. डोमेन एक्स्पायर झालेलं. आणि ज्या मुलाने रिन्यू करायचं तो केव्हाच पुण्याला नोकरीला लागलेला, नाशिकचा नंबर बंद.

बरं, रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने, कळवलं नाही असंही नाही. आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचा, नियमच आहे, मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक रिमाइंडर, आठवडाभर आधी एक, आणि रिन्यू झालं नाही तर संपल्यावर पाच दिवसांत अजून एक. ते सगळे मेल बरोब्बर गेले, पण त्या मुलाच्या जुन्या जीमेलवर, जे तो आता उघडत नाही. कारण रजिस्ट्रेशनमध्ये नाव त्याचं, मेल त्याचा, मोबाइल त्याचा. शेठचं नाव कुठेच नाही. पैसे मात्र वर्षानुवर्षं शेठच्या करंट अकाउंटमधून गेलेत, व्हाउचर माझ्याकडे फाइलला आहेत.

डॉट कॉम एक्स्पायर झालं की लगेच हातचं जात नाही हे मला आता माहितीय. रजिस्ट्रारच्या मर्जीप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवस साध्या पैशात रिन्यू होऊ शकतं, मग ते डिलीट झालं की ३० दिवस रिडेम्प्शन, तिथून सोडवायचं तर दंडासकट चांगलीच मोठी रक्कम, त्यानंतर ५ दिवस पेंडिंग डिलीट ज्यात कोणालाच काही करता येत नाही, आणि मग जो आधी घेईल त्याचं. काही रजिस्ट्रार तर त्याच्या आधीच लिलावाला लावून मोकळे होतात. आणि दुसऱ्याने घेतलं म्हणजे नुसतं नाव गेलं असं समजू नका, त्याने त्या डोमेनवर मेल चालू केला की आमच्या अकाउंट्सच्या आयडीवर येणारं सगळं त्याच्याकडे, कस्टमरचे पेमेंट ॲडव्हाइस त्याच्याकडे, कुठल्याही पोर्टलचा पासवर्ड रिसेट केला तर तीही लिंक त्याच्याकडे. माझ्यासारख्या बाईची झोप उडायला एवढं बास आहे.

अंबडवाल्यांचं नशीब चांगलं, तो मुलगा त्याच्या मामेभावामार्फत सापडला आणि त्याने लगेच रिन्यू करून दिलं. खरी कहाणी त्याच्यापुढे चालू झाली. शेठ म्हणाले आता हे आमच्या नावावर कर बाबा. तर आधी म्हणे करतो, मग म्हणे रिसेलर पॅनलमध्ये अडकलंय, मग म्हणे वरचा रजिस्ट्रार कोड देत नाही, आणि शेवटी खरं काय ते बाहेर आलं, की मागे एकदा साइटचं रिडिझाइन केलं होतं त्याचे अर्धे पैसे शेठनी दिले नव्हते, ते द्या मग डोमेन घ्या.

या पत्राचं कारण ते शेवटचं वाक्य आहे. कारण हे मी एकट्या त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

जमिनीच्या भाषेत सांगते म्हणजे आपल्याकडे पटकन कळतं. डोमेनचा सातबारा म्हणजे रजिस्ट्रारकडचं रेकॉर्ड. शेत कोण कसतंय, विहिरीचे पैसे कोणी भरले, याला तिथे काडीची किंमत नाही, नाव कोणाचं लागलंय तेवढं बघतात. रजिस्ट्रंट म्हणून जो लिहिलाय तो मालक, बाकी सगळे उपरे. वर आयकॅन, त्याखाली मूळ यादी ठेवणारी रजिस्ट्री, म्हणजे डॉट कॉमची वेरिसाइन आणि डॉट इनची आपली निक्सी, त्याखाली रजिस्ट्रार, आणि त्याच्याही खाली रिसेलर, म्हणजे तुमच्यातले बरेच जण. वेरिसाइनने सप्टेंबर २०२४ मध्ये रजिस्ट्रारसाठी एका डॉट कॉमचा वर्षाचा दर १०.२६ डॉलर केला. तुम्ही त्यावर किती लावता तो तुमचा धंदा, लावा, धंदा करायलाच बसलोय सगळे. पण मधल्या साखळीत बसलोय म्हणून सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून घ्यायचं हे कुठलं?

बरं क्लायंटने स्वतः तपासायचं म्हटलं तर तेही आता होत नाही. पूर्वी हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कोणाचं ते शोधायच्या सोयीत, नाव-पत्ता-फोन सगळं उघडं दिसायचं, २०१८ मध्ये युरोपचा प्रायव्हसी कायदा लागू झाला तेव्हापासून बहुतेक नावं झाकलेली असतात, आणि जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी हूइजची जागा आरडॅप नावाच्या नव्या सोयीने घेतलीय. आयकॅनच्या लुकअपवर डोमेन टाकलं तर रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, ट्रान्सफरला लॉक आहे का एवढं दिसतं, मालकाच्या जागी मात्र "रिडॅक्टेड", म्हणजे झाकलेलं. प्रायव्हसीसाठी ते चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण त्यामुळे आमचं डोमेन खरंच आमच्या नावावर आहे की नाही हे सांगू शकणारे या पृथ्वीतलावर तुम्ही एकटेच उरता, म्हणजे आमचा सगळा मदार तुमच्या एका स्क्रीनशॉटवर.

आता ट्रान्सफरचं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्यातले काही जण मुद्दाम, काही जण खरंच माहीत नसल्यामुळे त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे रजिस्ट्रार बदलणं, मालक तोच, फक्त डोमेन या कंपनीकडून त्या कंपनीकडे. दुसरं म्हणजे मालक बदलणं, रजिस्ट्रार तोच. डॉट कॉमला डोमेन नवीन घेतल्यावर किंवा एकदा हलवल्यावर ६० दिवस रजिस्ट्रार बदलायला अडवता येतं. आणि मालकाचं नाव, संस्थेचं नाव किंवा मेल आयडी बदलला तरी ६० दिवसांचं लॉक लागतं, रजिस्ट्रारने आधीच त्यातून बाहेर पडायचा पर्याय दिला असेल आणि तो बदल करायच्या आधी घेतला असेल तरच सुटका. म्हणजे क्लायंटला डोमेन स्वतःच्या नावावरही हवंय आणि दुसऱ्या रजिस्ट्रारकडेही न्यायचंय, तर कुठलं काम आधी करायचं हे तुम्ही त्याला सांगायला पाहिजे. रविवार कारंजाजवळच्या एका दुकानात दोन भावांच्या वाटण्या झाल्या, डीडमध्ये गुडविल आलं, लँडलाइन नंबर आला, पाटीसुद्धा आली, डोमेनचा उल्लेख नाही. मग थोरल्याच्या नावावर करायचं ठरलं, डेव्हलपरने आधी नाव बदललं आणि मग म्हणतो आता दोन महिने हलत नाही, आणि तोपर्यंत पॅनल माझ्याकडेच राहणार. पॅनल त्याच्याकडे आणि तो धाकट्याचा मित्र! त्या दोन महिन्यांत घरात काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही.

(वकील मंडळी हे वाचत असतील तर तुम्हालाही सांगणं, पार्टनरशिप डीड, रिटायरमेंट डीड, दुकान विक्रीचा करार, यात डोमेनचं नाव एका ओळीत टाकत जा हो.)

ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा पासवर्ड, ज्याला कोणी ईपीपी कोड म्हणतं, तो मागितल्यावर पाच दिवसांत द्यायचा असा आयकॅनचा रजिस्ट्रारला नियम आहे. लॉक काढायला सांगितलं तर त्यालाही पाचच दिवस. नवीन रजिस्ट्रारकडे कोड टाकला की जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत काही हरकत घेतली नाही तर ट्रान्सफर आपोआप होऊन जातं, कोणाच्या पाया पडायची गरज नाही. डॉट कॉमला वर एक वर्ष वाढवूनही मिळतं, आधीचं उरलेलं वाया जात नाही, एकूण दहा वर्षांच्या वर तेवढं जात नाही. डॉट इनला आयकॅनचे हे नियम लागत नाहीत, निक्सीचे स्वतःचे आहेत, पण कोड तिथेही लागतो.

आणि आता उधारीचं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आयकॅनच्या ट्रान्सफर पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय की ज्याच्या नावावर डोमेन आहे त्याने रजिस्ट्रेशनचे पैसे भरले असतील तर रजिस्ट्रार आणि त्याच्या धंद्यातल्या पार्टनरमधल्या आपसातल्या थकबाकीवरून ट्रान्सफर अडवता येत नाही. पुढच्या मुदतीचे पैसे भरले नाहीत म्हणूनही अडवता येत नाही. तुमचं वरच्या रजिस्ट्रारशी काही देणंघेणं अडकलं असेल तर ते तुमचं तुम्ही बघा. आणि वेबसाइटच्या डिझाइनचे पैसे? त्याचा तर डोमेनशी संबंधच नाही, ते वेगळं काम, वेगळं बिल. पण मेख अशी की हे सगळे हक्क ज्याच्या नावावर डोमेन आहे त्याला, आणि नाव तुमचं! म्हणजे आमच्या शेठने आयकॅनकडे तक्रार केली तरी तिथे विचारणार, आपण कोण?

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. नाशिकचा क्लायंट काय चीज आहे हे माझ्याएवढं कोणाला माहितीय, चेक मीच लिहिते आणि "थांब दोन दिवस" हे मीच ऐकते. साइट लाइव्ह होईपर्यंत दिवसातून चार फोन, लाइव्ह झाली की पैशाला फोन उचलत नाहीत, वर आणि पुतण्या म्हणतो हे तर फुकट पण होतं. तुम्ही डोमेन धरून ठेवता कारण दुसरं काही धरायला तुमच्या हातात नसतं. आहे पण, आणि ते डोमेनपेक्षा जास्त चालतं. उद्यम रजिस्ट्रेशन करून घ्या, फुकट होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर एमएसएमई कायद्याने तुमचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. वर आयकरात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर आमच्या शेठला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजाच मिळत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा, आणि मग बघा, मार्च आला की तुमच्यासाठी मीच शेठच्या मागे लागते की नाही. एवढं सगळं सोडून एखाद्या कारखान्याचं मेल धरून बसायचं म्हणजे पैसे तर मिळत नाहीतच, उलट अख्ख्या अंबडमध्ये बोंब होते.

अजून एक, ट्रान्सफर करून देताना मेलचं बघत जा. डोमेन हलवलं की साइट बंद पडते हा समज चुकीचा आहे, पण नेमसर्व्हर, म्हणजे साइट आणि मेल कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर, जर जुन्या रजिस्ट्रारचे असतील आणि त्याने ते बंद केले तर एमएक्स रेकॉर्ड गेलं आणि मेल गेला, टीएक्सटी रेकॉर्ड गेलं की पाठवलेले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये. हलवायच्या आधी सगळी डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे नेमसर्व्हरवरच्या या नोंदी, उतरवून घ्यायची, नव्या जागी तशीच्या तशी टाकायची आणि मगच नेमसर्व्हर बदलायचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या पिंपळगावच्या एका एक्स्पोर्टरचं हे काम एका हुशार माणसाने ऐन फेब्रुवारीत काढलं. फेब्रुवारीत! माल पॅकहाउसला, कंटेनर न्हावाशेवाच्या वाटेवर, नेदरलँड्सचा खरेदीदार कागद मागतोय आणि यांच्या पीडीएफ त्याच्या स्पॅममध्ये. द्राक्षवाल्यांची डोमेनची कामं पावसाळ्यात काढा हो, खरड छाटणी उरकलेली, गोडी छाटणीला वेळ, तेव्हा दोन दिवस मेल मागेपुढे झाला तर कोणी मरत नाही. जानेवारी ते एप्रिल त्यांच्या डोमेनला हातसुद्धा लावू नका.

बँकांचं बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला लावलं आणि रजिस्ट्रार एकच ठेवला, आयडीआरबीटी ही तिचीच संस्था. म्हणजे नाव कोणाचं, कोण सांभाळतं, कोणाला विचारायचं, याचा प्रश्नच ठेवला नाही. छोट्या धंद्यासाठी असं कोणी वरून करणार नाही, ते तुम्हालाच करायला पाहिजे. आणि आत्ताच करायला पाहिजे, कारण सिंहस्थ आलाय, पंचवटीतले लॉजवाले, होमस्टेवाले, त्र्यंबकच्या गाड्या लावणारे, सगळे धडाधड वेबसाइट करून घेतायत, बुकिंगचे पैसे त्यांच्यावर येणार आहेत, आणि त्यातली निम्मी डोमेनं पुन्हा कोणाच्या तरी पर्सनल जीमेलवर चढणार आहेत अशी मला दाट शंका आहे. नवीन घेताना क्लायंटच्या नावाने घेतलं तर नंतर ट्रान्सफरचा उपद्व्यापच नको. रजिस्ट्रंटमध्ये फर्मचं नाव, मेल मालकाचा, आणि तो मेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडलं की मेलही बंद आणि रिमाइंडरही बंद. तुमचा आयडी टेक्निकल कॉन्टॅक्टला ठेवा, पॅनल तुम्हीच चालवा, रिन्यू तुम्हीच करा, त्याचे पैसे घ्या. त्याला कोणाची ना नाही.

जुन्यांचं मात्र तुम्हाला स्वतःहून करावं लागेल. शेठ लोक विचारणार नाहीत, त्यांना डोमेन आणि होस्टिंग यातला फरक माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही, त्यांच्या लेखी "वेबसाइटवाला" हा एकच माणूस आहे. म्हणून मी विचारतेय. पुढच्या बिलापासून मला तीन आकडे वेगवेगळे पाहिजेत, डोमेन, होस्टिंग, काम. डोमेनची मुदत कोणत्या तारखेला संपते ते बिलावर पाहिजे, आणि पॅनलमधल्या रजिस्ट्रंटच्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत पाहिजे ज्यात फर्मचं नाव दिसलं पाहिजे. नाव तुमचं असेल तर बदलून द्यायची तारीख टाका, चालेल, अडचण असू शकते, लॉक असू शकतं, मी समजून घेईन, पण तारीख पाहिजे.

हे ज्या बिलासोबत येईल ते त्याच आठवड्यात चेकला लागेल, शेठच्या "थांब दोन दिवस"ची जबाबदारी माझी. जे बिल नुसतं "वेबसाइट मेन्टेनन्स ॲन्युअल" म्हणून येईल ते मी परत पाठवणार आहे, आणि परत का पाठवलं हे विचारायला फोन कराल तेव्हा पॅनलचं लॉगिन समोर उघडून बसा.

आपली,
अंबड-सातपूरच्या बिलांवर टिक करणारी एक अकाउंटंट
नाशिक